मदत हवी आहे: पिल्लू रोज गादीवर शू करतंय आणि मांजराला जगू देत नाहीये

राधा_कोलशेत (सोमवार, रात्री ११.४८)
प्लीज लवकर सांगा, डोकं आउट झालंय. ब्रुनोला आणून तीन आठवडे झाले. चावतो. खेळात जरासं लागतं तसं नाही, पोटरीला लटकतो. माझ्या तीन लेगिंग्ज गेल्या. मनी दिसली की सुटलाच मागे, ती बिचारी फ्रिजवर चढून बसते ती रात्रीपर्यंत. पोपटांच्या पिंजऱ्याखाली बसून भुंकतो ते वेगळंच.
आणि रोज आमच्या गादीवर शू! या पावसात कापसाची गादी वाळवायची कुठे? ओरडून झालं, नाक त्यात घासून झालं, बाथरूममध्ये कोंडून झालं. ढिम्म फरक नाही. सासूबाई म्हणाल्यात, गणपतीच्या आत एक तर तो नाही तर मी. (नवरा म्हणतो विचार करायला वेळ द्या. त्याला विनोद सुचतायत.)
ठाण्यात घरी येणारा चांगला ट्रेनर कोणी सांगेल का? घोडबंदर रोडच्या एकाने नुसतं येऊन बघायचे दोन हजार सांगितले.

केदार_ऐरोली (११.५९)
वय? जात? कुठून आणलं, किती दिवसांचं असताना? लसी? यातलं काहीच लिहिलेलं नाही. पिल्लू म्हणजे दोन महिन्यांचंही आणि दहा महिन्यांचंही.

खाडीकिनारा (मंगळवार, ००.०७)
देशी असेल तर काळजी करू नका, आपोआप शिकेल. विकत आणलेलं असेल तर भोगा.

राधा_कोलशेत (००.१५)
बीगल आहे. सव्वादोन महिन्यांचा. आणला तेव्हा ४५ दिवसांचा होता, एक लस झालीय. विकत आणलाय हो, मुलाच्या वाढदिवसाला. आता फाशी द्या.

खाडीकिनारा (००.२१)
बीगल! सशामागे धावायला तयार केलेली जात आणि ठेवायची दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये. नाकाला वास लागला की कान बंद. अजून गळा काढायला लागला नाहीये तोवर हसून घ्या. आमच्या गेटवरचा काळू बघा, चार मांजरांबरोबर एका गोणपाटावर झोपतो.

आजोबा_नौपाडा (सकाळी ६.१०)
राधाताई, फार लाड होतायत. कुत्र्याला एकदा कळलं पाहिजे की घरात मालक कोण. चावलं की मान धरून उताणं पाडायचं आणि शांत होईपर्यंत सोडायचं नाही. १९८४ साली आमच्याकडे अल्सेशियन होता, वर्तमानपत्राच्या सुरळीचा नुसता आवाज ऐकला तरी कोपऱ्यात जाऊन बसायचा. आजारी पडला तर टॅक्सी करून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात, जनावरांच्या दवाखान्यात न्यायचो. तेव्हा ठाण्यात आजच्यासारखे गल्लोगल्ली डॉक्टर नव्हते. तळ्यावर फिरायला नेला की लोक बाजूला व्हायचे.

केदार_ऐरोली (८.३२)
आजोबा, आदर आहे, पण हे "मालक कोण ते दाखवा" प्रकरण आलं कुठून ते सांगतो. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञाने पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या मारामाऱ्या बघून निष्कर्ष काढला की कळपात दादागिरी करणाराच म्होरक्या होतो. १९७० मध्ये लांडग्यांचा अभ्यासक डेव्हिड मेचने तो लोकांपर्यंत नेला आणि पुढे रानातले लांडगे बघून स्वतःच मागे घेतला. रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं असतात, दादागिरीचा आखाडा नसतो. सव्वादोन महिन्यांच्या जिवाला उताणं दाबून धरलंत तर तो एकच धडा घेईल, माणसाचा हात आला की घाबरायचं. आणि घाबरलेलं कुत्रं मोठेपणी खरंखुरं चावतं.

आजोबा_नौपाडा (८.५०)
आमचा शेरू तेरा वर्षं जगला. एकालाही चावला नाही. लांडग्यांचं मला सांगू नका.

सात-बारा (९.१५)
पोपटांच्या पिंजऱ्याचा उल्लेख वाचला. आपला हिरवा पोपट घरात पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे, हे माहीत असेलच. कुत्र्याचं नंतर बघू.

राधा_कोलशेत (९.४०)
अहो लव्हबर्ड्स आहेत! निळे-पिवळे, एवढेएवढेसे. घरात सगळे पोपट म्हणतात म्हणून तसं लिहिलं. कोणी चावण्याबद्दल बोलेल का?

सात-बारा (९.४४)
मग ते बजरीगर. ऑस्ट्रेलियातले, त्यांना चालतं. लव्हबर्ड वेगळा असतो, पण राहू दे.

वाफाळता_चहा (१०.०५)
सोसायटीने त्रास दिला तर घाबरू नका. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. प्रिंट काढून सेक्रेटरीला द्या. आमच्या घणसोलीच्या सोसायटीत लिफ्टवरून दोन वर्षं महाभारत चाललं होतं.

राधा_कोलशेत (१०.०९)
सोसायटीचा काही त्रास नाही. त्रास ब्रुनोचा आहे.

केदार_ऐरोली (१०.३०)
चावण्याचं. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकताच येत नाही, पण विकणारे सर्रास विकतात. याच वयात भावंडांशी कुस्ती खेळताना पिल्लू शिकतं की जोरात चावलं तर समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. ब्रुनोची ती शाळा मधेच सुटली, आता ती तुम्हाला घ्यायचीय. दात लागला की ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही. उठायचं आणि दाराआड जायचं, वीस-तीस सेकंद. परत आलात की हातात खेळणं. दिवसातून पन्नास वेळा करावं लागेल, मी अतिशयोक्ती करत नाहीये. घरातल्या सगळ्यांनी करायचं. एकाने जरी मस्ती चालू ठेवली तरी मुसळ केरात.
आणि झोपतो किती?

राधा_कोलशेत (१०.५२)
दुपारी घरात कोणी नसतं तेव्हा झोपतो. दोनला मुलगा शाळेतून आला की दोघांचा जो दंगा सुरू होतो तो रात्री नऊपर्यंत. सातनंतर तर अंगात येतं त्याच्या. तेव्हाच सगळ्यात जास्त चावतो, म्हणून तेव्हा बाथरूममध्ये टाकते.

केदार_ऐरोली (११.०१)
या वयाला दिवसाचे अठरा-वीस तास झोप लागते. सातला अंगात येतं ते दमून. लहान पोर झोप आली की किरकिर करतं, हा चावतो. तासभर खेळला की हॉलच्या कोपऱ्यात त्याच्या अंथरुणावर, आडोसा करून, दिवा मालवून झोपवा. बाथरूममध्ये शिक्षा म्हणून नको.

सुमा_मांजरवाली (दुपारी १.२०)
मी मघापासून वाचतेय. सगळे कुत्र्याबद्दल बोलतायत. मनीची वाळूची पेटी कुठे ठेवलीय? आणि ती गादी जमिनीवर असते की पलंगावर?

राधा_कोलशेत (१.३५)
पलंगावर. खाली सामान ठेवायचा तो बॉक्सवाला पलंग आहे, माझ्या मांडीएवढा उंच. पेटी बाथरूममध्ये. का?

सुमा_मांजरवाली (१.३८)
सव्वादोन महिन्यांचा बीगल मांडीएवढ्या पलंगावर चढतो कसा? गादीवर शू करताना त्याला कोणी डोळ्यांनी बघितलंय का?

राधा_कोलशेत (१.५६)
थांबा.

राधा_कोलशेत (२.१४)
सासूबाईंना विचारलं. कोणीच बघितलं नाहीये. सोफ्यावरसुद्धा त्याला उचलून ठेवावं लागतं. म्हणजे मनी?? सात वर्षांत एकदा पेटीबाहेर गेली नाही हो ती.

सुमा_मांजरवाली (२.२५)
सात ते नऊ तुम्ही तिच्या संडासात कुत्रा कोंडता. ती फ्रिजवर. रोखून रोखून किती रोखणार? मऊ, उंच आणि कुत्रा पोचत नाही अशी घरातली एकच जागा तिला सापडली. सूड वगैरे काही नाही.
आता महत्त्वाचं. मनी मांजर की बोका?

राधा_कोलशेत (२.३१)
बोका. लहान असताना नाव ठेवलं, नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तोवर तोंडात बसलं होतं. नसबंदी झालीय.

सुमा_मांजरवाली (२.३६)
मग नीट वाचा. बोक्यांची मूत्रनळी अरुंद असते, ताणाने शू अडकते. पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय, थेंब थेंब येतंय किंवा काहीच येत नाहीये, असं दिसलं तर उद्यावर ढकलायचं नाही, लगेच दवाखाना. एक-दोन दिवसांत जीव जातो. गादीवर डाग केवढा असतो? रंग?

राधा_कोलशेत (२.४०)
तळं असतं तळं. रक्त वगैरे नाही. कण्हतही नाही.

सुमा_मांजरवाली (२.५२)
चला, देव पावला. तरी एकदा डॉक्टरांना दाखवाच. पेटी आजच हलवा, कुत्रा जाणार नाही अशा खोलीत, दाराला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावून. शक्यतो दोन पेट्या. जेवणही वर, ओट्यावर किंवा कपाटावर, मांजराचं खाणं बीगलच्या तोंडी लागलं की संपलं. गादी पेट शॉपमध्ये मिळणाऱ्या एन्झाइमच्या क्लीनरने धुवा, नाही तर वास राहतो आणि ती परत तिथेच जाते. तो जाते. फिनाइल बंद, मांजर पाय चाटतं आणि ते पोटात जातं. आणि ब्रुनोच्या मानेवर गोचिडांचं औषध टाकाल तेव्हा परमेथ्रिनवालं नको. कुत्र्याला चालतं, मांजराच्या जिवावर बेततं.
दोघं समोरासमोर असतील तेव्हा ब्रुनोच्या गळ्यात हलका पट्टा, टोक तुमच्या हातात. मनीकडून नजर काढून तुमच्याकडे बघितलं की लगेच खाऊ. ओढायचं नाही, वाट बघायची.

खाडीकिनारा (३.१०)
म्हणजे तीन आठवडे बिचाऱ्याचं नाक मांजराच्या मुतात घासलं.

राधा_कोलशेत (३.१२)
हो. कळलं. नका आता.

आजोबा_नौपाडा (संध्या. ५.४५)
सुमाताईंचं निरीक्षण मानलं. वर्तमानपत्राबद्दल मात्र मी ठाम आहे.

राधा_कोलशेत (रविवार, रात्री १०.२०)
अपडेट. पेटी मुलाच्या खोलीत हलवली, दाराला फाटक लावलं. गादी पाच दिवस कोरडी. डॉक्टरांनी मनीचं पोट चाचपून सगळं ठीक सांगितलं. तो आता फ्रिजवरून उतरून फाटकाच्या पलीकडे मुद्दाम शेपटी हलवत बसतो, ब्रुनो अलीकडे रडतो.
ब्रुनोची शू आहेच, पण जमिनीवर, पुसता येते. चावणं साधारण निम्म्यावर. दाराआड जायचं नवऱ्याच्या लक्षात राहत नाही, म्हणून त्याच्याच पायांना जास्त चावतो. काल सासूबाई ब्रुनोला हळूच "लबाडा, तुझं नाव उगाच घेतलं रे" म्हणत होत्या. मी ऐकलं नाही असं दाखवलं.
ट्रेनर मात्र कोणीच सांगितला नाही.

वाफाळता_चहा (१०.३१)
विपु (विचारपूस) केली आहे, म्हणजे तुमच्या पानावर निरोप टाकलाय. ट्रेनर नाही, त्या २०१५ च्या सूचनांची लिंक आहे.