लुटिनो बजी नर की मादी, कसं ओळखायचं?

नमस्कार. आमच्याकडे पिवळ्याधमक रंगाचं, लाल डोळ्यांचं, म्हणजे लुटिनो रंगाचं बजी (बजरीगर, छोटा पोपट) आहे. अगदी पिल्लू असताना आणलं, तेव्हा विकणाऱ्याने नर म्हणून सांगितलं होतं. आता पहिली पिसं झडून नवी आली, पिल्लांच्या कपाळावर असतात त्या रेघाही मुळात दिसत नव्हत्याच. पण चोचीवरचा नाकपुड्यांचा भाग काही निळा होत नाही. निळा तो नर, तपकिरी ती मादी, एवढंच जो तो सांगतो. आमच्या बजीचा ना निळा, ना तपकिरी! जवळून पाहिलं तर गुलाबी-जांभळट, गुळगुळीत दिसतो. नाकपुडीच्या कडेला किंचित पांढुरकं आहे असं कधी वाटतं, कधी नाही.

दिवसभर बडबड चालू असते, घंटीसमोर मान हलवून गाणंही होतं. त्यावरून नर वाटतो. हल्ली मात्र तळाचा कागद कुरतडून कोपऱ्यात बसायचं वेड लागलंय, आणि तिथेच जीव टांगणीला लागलाय. जोडीला नर नसला तरी मादी अंडी घालते, आणि अंडं अडकलं तर जिवावर बेततं. कॅल्शियमसाठी समुद्रफेण लावून ठेवलंय. डीएनए चाचणी करून घ्यावी का? गळलेलं पीस चालेल का?

उत्तर :

निळ्या रंगाची वाट पाहू नका. लुटिनो, अल्बिनो (पांढरे, लाल डोळ्यांचे) आणि रिसेसिव्ह पाइड (अंगावर दोन रंगांचे चट्टे असलेले) नरांचा हा भाग बहुधा आयुष्यभर गुलाबी-जांभळटच राहतो. बघायचं ते नाकपुडीभोवती. तिथे खडूसारखं पांढरं कडं असेल तर मादी. सगळीकडे एकसारखी जांभळट छटा असेल तर नर. अंड्यावर आलेल्या मादीचा तो भाग तपकिरी आणि खरबरीत होतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला नर वाटतो, पण खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता समोरून फोटो काढून बघा. फ्लॅशमध्ये सगळंच पांढरट दिसतं. कागद नरही कुरतडतात, त्यावरून काही ठरवू नका.

खात्रीच हवी तर डीएनए. पक्ष्यांमध्ये मादीत झेड आणि डब्ल्यू अशी दोन वेगळी गुणसूत्रं असतात, नरात दोन्ही झेड, त्यामुळे वय कितीही असो, निकाल मिळतो. गळलेल्या पिसाचा भरवसा नाही. मुळासकट ताजी काढलेली छातीची पिसं किंवा रक्ताचा थेंब लागतो, आणि ते काम पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

पिसं फुगवून तळाशी बसणं, श्वासागणिक शेपटी वर-खाली होणं, जोर लावणं, पोटाचा खालचा भाग फुगणं, यातलं काहीही दिसलं तर मात्र निकालासाठी थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा. आणि पुढे नर ठरला आणि नाकपुड्यांचा भाग तपकिरी व्हायला लागला, तरीही दाखवा. नरात तो बदल वृषणाच्या गाठीमुळे होऊ शकतो.