डीईएई कॉलमनंतर कायटिनेजची (कायटिन तोडणाऱ्या एन्झाइमची) ॲक्टिव्हिटी कुठे जाते?

हुमणी_वाळवा: उसातल्या मेलेल्या हुमणीवरून वेगळी केलेली मेटारायझियम बुरशी. 1 टक्का कोलॉइडल कायटिनवर (कायटिन म्हणजे कीटकांच्या कवचातला पदार्थ) वाढवली, ग्लुकोज अजिबात नाही. क्रूडमध्ये (गाळलेल्या कच्च्या द्रवात) डीएमएबी या रंग देणाऱ्या रसायनाने मोजली तर ॲक्टिव्हिटी भरपूर. 80 टक्के अमोनियम सल्फेटने प्रथिनं खाली बसवली, डायलिसिसने मीठ काढलं, मग डीईएई (ऋणभाराची प्रथिनं धरणारा कॉलम), पीएच 8. कॉलमनंतर एकूण ॲक्टिव्हिटी दहा टक्केही भरत नाही. एन्झाइम मरतंय का?

कराडकर_बायोकेम: बहुतेक मरत नाही, तुमची मोजणी फसवतेय. डीएमएबीचा रंग मुख्यतः सुट्या एन-ॲसिटिलग्लुकोसामीनचा (कायटिनची साखळी ज्या साखरेची बनते ती). दोन-तीन साखरांच्या तुकड्यांचा फारच फिका येतो. क्रूडमध्ये एंडोकायटिनेज साखळी तोडतं आणि ग्लुकोसामिनिडेज त्या तुकड्यांची सुटी साखर करतं. कॉलमवर दोघांची ताटातूट झाली की दोन्ही फ्रॅक्शन (कॉलममधून वेगवेगळ्या नळ्यांत जमवलेले भाग) कोरे वाटतात. शेजारचे फ्रॅक्शन थोडे-थोडे मिसळून पुन्हा मोजा, रंग परतला तर उत्तर मिळालं. आणि फ्लो-थ्रू (कॉलमला न चिकटता बाहेर आलेला द्रव) ओतून दिलेला नाही ना? अल्कलीकडे पीआय (प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो तो पीएच) असलेली कायटिनेज डीईएईला धरतच नाहीत.

रीडिंग 585 नॅनोमीटरला, डीएमएबी घातल्यावर 37 अंशांवरची 20 मिनिटं संपली की लगेच. रंग उतरतो.

मिरज_लॅब: वरचं पटतं, पण प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइम) विसरू नका. ही बुरशी कायटिनेजच्या आधीच पीआर-1 हे प्रोटिएज सोडते. गाळल्याबरोबर 1 मिलिमोलर पीएमएसएफ (प्रोटिएज थांबवणारं रसायन), आयसोप्रोपॅनॉलमध्ये विरघळवून. पाण्यात ते तासाभरात निम्मं होतं, पीएच 8 ला त्याहून लवकर. एकदा घालून निर्धास्त होता येत नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये तर क्रूड टेबलावर ठेवूच नका, सगळं बर्फात. अमोनियम सल्फेटचा तक्ताही तापमान बघून वापरा: 80 टक्क्यांना 25 अंशांवर लिटरमागे 561 ग्रॅम, 0 अंशावर 516. डायलिसिस अपुरं राहिलं तर उरलेल्या मिठामुळे डीईएईवर काहीच बसत नाही. कॉलमवर चढवण्याआधी कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता, तिच्यावरून मीठ किती उरलं ते कळतं) बघा.

(मेटारायझियमऐवजी हळदीच्या रानातली ट्रायकोडर्मा बुरशी घेतलीत तर सेल्युलोजची डायलिसिस पिशवी नको, तिचं सेल्युलेज पिशवीच खातं. 10 किलोडाल्टनचा पॉलिइथरसल्फोन फिल्टर लावा.)

कराडकर_बायोकेम: शंका उरलीच तर झायमोग्राम (एन्झाइमचं काम जेलमध्येच पट्ट्यांनी दाखवणारी चाचणी). जेलमध्ये 0.01 टक्का ग्लायकॉल कायटिन. सॅम्पल उकळायचं नाही, मर्कॅप्टोइथेनॉल घालायचं नाही. रन झाल्यावर 1 टक्का ट्रायटन (डिटर्जंट) घातलेल्या पीएच 5 च्या ॲसिटेट बफरमध्ये 37 अंशांना रात्रभर, मग कॅल्कोफ्लोर (कायटिनला चिकटून यूव्हीखाली चमकणारा रंग). यूव्हीखाली उजळ जेलमध्ये काळे पट्टे दिसतील. क्रूड, फ्लो-थ्रू आणि फ्रॅक्शन एकाच जेलवर चालवा, म्हणजे कुठला पट्टा कुठे गेला ते कळतं.