हॅरिसनची ओळख करून द्यायची तर आधी 'वंडरवॉल' लावा

पंचवटीकर:
रविवारी गंगापूर रोडच्या हॉलवर बीटल्स या इंग्रज बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याच्या स्वतंत्र अल्बमांचं सत्र आहे. वेळ दोन तास, श्रोते बरेचसे नवे. बहुतेकांचा कल 'ऑल थिंग्ज मस्ट पास'कडे दिसतोय. माझं मत वेगळं आहे. आधी 'वंडरवॉल म्युझिक' लागलं पाहिजे. बीटल्सपैकी कुणाचाही हा पहिला स्वतंत्र अल्बम, नोव्हेंबर 1968चा, आणि त्यातलं बरंच काम जानेवारी 1968मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत झालंय. संतूरवर शिवकुमार शर्मा! एचएमव्हीच्या भास्कर मेनन यांनी त्यासाठी दोन ट्रॅकचं स्टिरिओ मशीन कलकत्त्याहून रेल्वेने आणलं होतं. बाहेरचा आवाज अडवायची सोय नव्हती. साडेपाचला ऑफिस सुटलं की जिन्यावर पावलं वाजायची आणि रेकॉर्डिंग थांबायचं. टॅक्सींचे आवाज तर काही ठिकाणी राहूनच गेलेत, कान देऊन ऐका. बीटल्सच्या 'लेडी मॅडोना' या तबकडीच्या मागच्या बाजूला असलेल्या 'द इनर लाइट'चं वादनही याच मुक्कामातलं.

सातपूरकर:
साफ अमान्य. 'वंडरवॉल' हे सिनेमाचं पार्श्वसंगीत आहे. दृश्यं स्टॉपवॉच लावून मोजली आणि तेवढ्या मापाचे तुकडे केले. असे 19 तुकडे. कुठे सूर जमतोय तोवर पुढचा सुरू. शिवाय हॅरिसनचा गाता आवाज त्यात नाहीच, मग ओळख कुणाची करून देणार? 1970चा 'ऑल थिंग्ज' घ्या. 'इजन्ट इट अ पिटी' 1966पासून पडून होतं, बीटल्समध्ये त्याला जागा मिळाली नाही. अशी साठलेली गाणी एकदम बाहेर आली म्हणून तर तीन एलपी (मोठ्या तबकड्या) झाल्या. आणि 'माय स्वीट लॉर्ड'च्या शेवटाकडे मागचा कोरस 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः' म्हणतो. नाशिकच्या श्रोत्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

देवळालीकर:
अल्बम सातपूरकरांचाच, पण अख्खा लावू नका. तीन एलपी म्हणजे पावणेदोन तासांच्या आसपास. तिसरी, 'ॲपल जॅम', बहुतांश नुसतं वादन, त्यातलं एक तर 11 मिनिटांच्या वर जातं. नवे लोक तिथेच उठतील. पहिली बाजू लावा: चार गाणी, 'वाह-वाह' धरून.

खरा घोळ आवृत्तीचा आहे. निर्माता फिल स्पेक्टरने मूळ मिक्समध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवताना, एको (प्रतिध्वनी) भरपूर ठेवलाय. हॉलची फरशी उघडी, भिंती कोऱ्या. हॉलचा घुमारा त्या एकोवर चढला की 'वाह-वाह'चा पार गोळा होतो, शब्द कळत नाहीत. 2021चं रीमिक्स लावा, त्यात गळा पुढे आहे. स्पीकर भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे, कोपऱ्यात तर नकोच, नाहीतर बेस फुगतो. समोर सतरंज्या अंथरा.

सातपूरकर:
रीमिक्सला माझा विरोध. तो गोंगाट हाच त्या अल्बमचा स्वभाव आहे. सतरंज्या अंथरा, पण मिक्स 1970चंच ठेवा.

देवळालीकर:
खुद्द हॅरिसननेच 2001च्या आवृत्तीत लिहिलंय की काही गाणी त्या भल्यामोठ्या निर्मितीतून मोकळी करावीशी वाटतात. 'वाह-वाह' दोन्ही मिक्समध्ये आधी हॉलवर वाजवून बघा, मागच्या ओळीत बसून. तिथे शब्द लागले तर 1970चं लावा, माझी हरकत नाही.

पंचवटीकर:
बरं, पहिली बाजू तुमची. पण 'वंडरवॉल'मधलं 'मायक्रोब्स' तरी लोक येऊन बसेपर्यंत लावा, सनई आहे त्यात. आणि शेवट 'ब्रेनवॉश्ड'ने करा. 2002चा अल्बम, हॅरिसन गेल्यानंतर आलेला. शीर्षकगीताच्या शेवटी तो आणि मुलगा धनी मिळून 'नमः पार्वती पतये हर हर महादेव' म्हणतात. मिक्सरवर बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: गाणं संपलंसं वाटलं तरी आवाज खाली आणायचा नाही, घोष त्यानंतरच सुरू होतो.