नव्या काचेच्या टाकीतील माशांची पिल्ले आजारी पडत आहेत, नेमके काय करावे?

प्रश्न (परभणीहून)

नमस्कार. मुलीच्या हट्टाखातर आम्ही नऊ दिवसांपूर्वी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशी काचेची टाकी घेतली. संध्याकाळी बोअरच्या पाण्याने भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यात सहा लहान गोल्डफिश आणि मोलीची बारा-तेरा पिल्ले सोडली. पहिले तीन दिवस सारे ठीक होते. चौथ्या दिवसापासून पिल्ले पाण्याच्या वरच्या थराशी येऊन तोंड उघडझाप करू लागली, त्यांचे पर अंगाला चिकटलेले दिसतात आणि पाणी किंचित दुधाळ झाले आहे. आतापर्यंत एक गोल्डफिश आणि दोन पिल्ले दगावली. दुकानदाराने निळे औषध दिले असून ते रोज थोडे घालण्यास सांगितले आहे. खाणे दिवसातून तीन वेळा देते, आवाज होतो म्हणून रात्री फिल्टर बंद ठेवते आणि परवा त्याचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. मुलगी सकाळी उठल्याबरोबर टाकीपाशी जाऊन पिल्ले मोजते, त्यामुळे यांचा जीव वाचावा असे फार वाटते. निळे औषध चालू ठेवावे का?

उत्तर १ (छत्रपती संभाजीनगरहून)

ताई, निळे औषध आजच्या आज थांबवावे. आपण सांगितलेली लक्षणे मला संसर्गापेक्षा विषबाधेची अधिक वाटतात. मासे कल्ल्यांवाटे आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर टाकतात आणि उरलेले खाणे कुजूनही तोच तयार होतो. जुन्या टाकीत स्पंजावर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. परंतु या जिवाणूंची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या टाकीला नऊ दिवस झाले आहेत आणि स्पंज नळाखाली धुतल्यामुळे जी थोडी वस्ती जमली होती तीही गेली असावी, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच असते. मिथिलीन ब्ल्यू, म्हणजे बहुधा तेच निळे औषध, याच जिवाणूंना मारक ठरते.

आपल्याकडील बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड आणि अल्कधर्मी असते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते दाखवणारा आकडा, ७ असताना एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, तर पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या वर जातो आणि उन्हाळ्यातील गरम पाण्यात आणखी वाढतो. म्हणून तेवढ्याच अमोनियाने मऊ पाण्यातील मासे तगून राहतात आणि आपले मासे वर येऊन धापा टाकतात.

आपल्या टाकीत सुमारे ५० लिटर पाणी बसत असेल. रोज १५ लिटरची एक बादली पाणी नळीने तळाचा गाळ ओढत काढावे आणि तितकेच नवे घालावे. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम असेल आणि नवी भर पडली नाही असे धरले, तर पहिल्या दिवशी तो १.४ होतो आणि दुसऱ्या दिवशी १ च्या जवळ येतो. गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी कधीही घालू नये. पहाटे काढून सावलीत ठेवावे आणि हात बुडवून दोन्ही पाण्यांत गारठ्याचा फरक नाही हे पाहावे. नळाचे पाणी वापरायचे झाल्यास क्लोरीन काढणारे थेंब घालावेत. आमच्याकडे जायकवाडीचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून मी ते पिंपात साठवून हवेची नळी सोडून २४ तास ठेवतो. फिल्टर रात्रंदिवस चालू असू द्यावा आणि खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पिल्लांना मात्र पूर्ण उपाशी ठेवू नये.

उत्तर २ (लातूरहून)

वरील सर्व मान्य आहे, तरी एक तपासणी राहिली आहे, कारण नव्या टाकीत अशक्त झालेल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही लवकर धरतो. सकाळी टॉर्च बाजूने लावून परांकडे पाहावे. रव्याच्या कणाएवढे, थोडे उठलेले पांढरे ठिपके दिसत असतील आणि मासे खड्यांवर अंग घासत असतील, तर हा एक परजीवी आहे. तो कातडीखाली असेपर्यंत कोणतेही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. गळून तळाशी पडल्यावर त्यातून जी असंख्य पिल्ले पोहत बाहेर येतात, तीच औषधाने मरतात. त्यामुळे दोन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवू नये, शेवटचा ठिपका दिसल्यानंतरही काही दिवस चालू ठेवावे. गरम पाण्यात हे चक्र लवकर पूर्ण होते, म्हणून मे महिन्यात हीटरची गरज नाही, मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप वाढवावा.

ठिपके नसले तरी जाडे मीठ लिटरला १ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला ५० ग्रॅम, तराजूवर तोलून, वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांनी घालावे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांवाटे नायट्राइट शिरू देत नाही. मोली आणि गोल्डफिश दोघांनाही हे प्रमाण सहज सोसते. अमोनिया व नायट्राइट तपासणारा थेंबांचा किट मात्र घ्यावाच, अंदाजाने काम होणार नाही.

प्रश्नकर्तीकडून पुन्हा (पाच दिवसांनी)

सर्वांची मी आभारी आहे. किट मागवला, पहिल्या दिवशी नळीतील पाणी गडद हिरवे झाले, म्हणजे अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास होता, आज तो ०.५ आहे. ठिपके एकाही माशावर दिसत नाहीत. कालपासून नायट्राइट वाढू लागले आहे आणि एका गोल्डफिशचे कल्ले तपकिरी दिसतात. पिल्ले आता खाली उतरून झाडांत फिरतात. मीठ रोज घालावे लागते का?

उत्तर ३ (नांदेडहून)

नाही ताई, मीठ उडून जात नाही. जेवढे पाणी काढाल तेवढ्याच पाण्याचे मीठ पुन्हा घालावे, म्हणजे १५ लिटरमागे १५ ग्रॅम. तपकिरी कल्ले नायट्राइटचे लक्षण आहे, तेव्हा त्याचे प्रमाण शून्यावर येईपर्यंत पाणी बदलणे चालू ठेवावे. ओळखीच्या कोणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणावा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. वाट पाहण्याचे कित्येक दिवस वाचतात. पुढे स्पंज धुवायचा तो नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच, आणि हलक्या हाताने.

आणखी एक गोष्ट आताच सांगणे भाग आहे. पाच गोल्डफिश दोन फुटी टाकीत वाढणार नाहीत. ते सहजी सहा इंचांचे होतात, घाणही खूप करतात आणि तोंडात मावतील ती मोलीची पिल्ले खातात. मोठी टाकी असलेल्या कोणाला तरी ते द्यावेत, परंतु गोदावरीत, तलावात किंवा विहिरीत कृपया सोडू नयेत, कारण तेथील मूळ माशांना ते त्रासदायक ठरतात. मोलीला मात्र आपले जड पाणी मानवते. त्या तेथेच राहू द्याव्यात, आणि मुलीला मोजण्यासाठी तळाशी थोडे दाट शेवाळ किंवा गवती झाड लावून द्यावे, पिल्ले त्यातच लपून मोठी होतात.