निशाणा बहुतेक वेळा तिसऱ्यावर असतो
मोठी कंपनी पेटंटवरून छोट्या कंपनीवर खटला भरते, पण तिच्याकडून मिळून मिळणार किती, मग खटला कशाला, असा प्रश्न इथे आलाय. खरा निशाणा बहुधा बघणाऱ्या बाकीच्यांवर असतो. फेब्रुवारी 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने टॉमटॉम या डच कंपनीला (गाडीतली रस्ता दाखवणारी यंत्रं बनवणारी) कोर्टात खेचलं. 8 पेटंटांपैकी 3 लिनक्सशी (कुणालाही फुकट वापरता येणारी संगणक-प्रणाली, टॉमटॉमच्या यंत्रांत तीच होती) संबंधित होती. फाइलींची लांब नावं साठवण्याची पद्धत त्यातलीच. लिनक्स वापरणारे सगळेच धास्तावले. महिनाभरात तडजोड झाली. टॉमटॉमने पैसे दिले, ती सोय 2 वर्षांत काढायचंही कबूल केलं. पुढच्या कंपनीसमोर ठेवायला मायक्रोसॉफ्टच्या हातात करार आला. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं, कारण ती पेटंटं टिकली असती का, हे कोर्टाने तपासलंच नाही.