खांद्यावरचा केळीचा घड आणि ‘यात चित्र कुठे आहे?’ हा प्रश्न

प्रश्न – रावेरचा विद्यार्थी

नमस्कार. मी चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमचे घर केळी कापणी-वाहतुकीच्या मजुरीवर चालते. यंदाच्या वार्षिक सादरीकरणात मी कॅनव्हास लावला नाही. पांढरा सदरा घालून, ताजा कापलेला केळीचा घड खांद्यावर घेऊन दालनात दोन तास स्तब्ध उभा राहिलो. दांड्यातून गळणारा चीक सदऱ्यावर पडत होता. तो ओला असताना दिसत नाही, वाळला की काळपट डाग होतो आणि मग कोणत्याही साबणाने निघत नाही, हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी विचारले, ‘यात चित्र कुठे आहे?’ दुसरे म्हणाले की अंगमेहनतच पाहायची तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बारागाड्या, म्हणजे एकमेकींना बांधलेल्या बारा बैलगाड्या, नवसापोटी ओढणारा भगत पाहावा. ते टोमणा मारत होते, पण मला त्यात खरोखरचा प्रश्न दिसतो. मजुरी, नवस आणि परफॉर्मन्स (शरीर हेच माध्यम असलेली कला) या तिन्हींत राबते ते शरीरच. मग फरक नेमका कशात आहे? शिवाय मित्र म्हणतात की वेळ दहा तासांवर नेल्याशिवाय कोणी दखल घेणार नाही. त्रास जितका जास्त तितकी कला मोठी, असे असते का?

धुळ्याच्या निवृत्त कलाशिक्षिका

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही. १९७१ मध्ये परफॉर्मन्स कलाकार क्रिस बर्डन यांनी कॅलिफोर्नियात मित्राकडून स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेतली, आणि तेव्हापासून शरीर वापरणे म्हणजे शरीराला इजा करणे असा समज पुष्कळांनी करून घेतला आहे. मला त्याहून तेहचिंग शे यांचे काम तुमच्या जवळचे वाटते. तैवानमधून न्यूयॉर्कला येऊन बेकायदा स्थलांतरित म्हणून राहणाऱ्या या कलाकाराने १९८० च्या एप्रिलपासून वर्षभर, दिवसरात्र, दर तासाला कारखान्यातल्यासारख्या घड्याळात हजेरीचे कार्ड पंच केले. ८,७६० पैकी १३३ वेळा हजेरी चुकली आणि त्यांनी त्या चुकांचीही नोंद ठेवली. सुरुवातीला डोके तासले होते. प्रत्येक हजेरीला काढलेल्या छायाचित्रांतून केस वाढत जातात आणि वर्ष डोळ्यांना दिसते. रक्त नाही, जखम नाही. आधी जाहीर केलेला एक नियम आहे आणि तो पाळताना शरीराचे काय होते याचा पुरावा आहे.

परफॉर्मन्स कलाकार मारिना अब्रामोविच यांनी १९७४ मध्ये नेपल्समध्ये टेबलावर ७२ वस्तू मांडल्या, त्यांत गुलाब, मध, कात्री होती आणि पिस्तूल व एक गोळीही होती. सहा तास त्या वस्तू आपल्यावर हव्या तशा वापरण्याची मुभा त्यांनी प्रेक्षकांना दिली. तिथे तर कलाकाराने काहीच केले नाही. जे घडले ते बघ्यांच्या हातून घडले. परीक्षकांना तुमच्याकडे चित्र दिसले नाही, कारण त्यांनी ते सदऱ्यावर शोधले नसावे. मात्र तुमचा नियम काय होता, हे मलाही तुमच्या लिहिण्यातून कळले नाही.

तापीकाठचा बगल्या

भाऊ, मी पाच वर्षे आमच्या भगताचा बगल्या, म्हणजे गाड्या ओढताना बाजूने साथ देणारा, होतो, म्हणून लिहितो. गाड्या ओढताना भगत एकटा नसतो. दोन्ही बाजूंना आम्ही बगले असतो, आणि एकमेकींना बांधलेल्या बाराही गाड्यांत गावातलीच माणसे बसलेली असतात. नियम त्याने ठरवलेला नसतो, तो त्याच्या आधीपासून चालत आलेला असतो आणि ओढणे खंडेरावासाठी असते. नंदुरबारकडे होळीला अंगावर ठिपके काढून, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू बांधून नाचणारा बुध्याही आधी कित्येक दिवस व्रताचे नियम पाळतो. त्याचे नाचणे आपल्याला दिसते, व्रत दिसत नाही. त्यामुळे यांना ‘आपल्याकडचा जुना परफॉर्मन्स’ म्हणू नये अशी माझी विनंती आहे. तुमचे काम वेगळे आहे, कारण ते न करण्याची मोकळीक तुम्हाला होती. ते त्यामुळे खोटे ठरत नाही, पण भगताच्या ओळीत उभे करण्याचीही गरज नाही.

मुक्काम फैजपूर

मी थोडे कडवट लिहितो. तुमच्या वडिलांना घड खांद्यावर घेऊन दोन तास स्तब्ध उभे राहिलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? आमच्या बागेत कापणी लागते तेव्हा घड वाहणारा माणूस थांबत नाही. बागेतून ट्रककडे, ट्रककडून बागेत, आणि घड खाली ठेवताना मात्र अगदी अलगद, कारण सालीवर ओरखडा आला तर भाव पडतो. स्तब्ध उभे राहणे ही मॉडेलची पोझ झाली, चित्रकलेच्या वर्गातली. ताई विचारतात तो नियम मला इथेच सापडतो: तास मोजण्याऐवजी फेऱ्या मोजा. दहा तासांच्या स्पर्धेत पडू नका. आणि एक व्यवहाराची गोष्ट, सरावाशिवाय ओझे वाहिल्यास मान आणि कंबर धरते. खांद्यावर जाड घडी ठेवा आणि सोबत माणूस ठेवा.

रावेरचा विद्यार्थी

सर्वांचे मनापासून आभार. नियम मी ठरवलाच नव्हता, हे खरे आहे. दोन तास हा आकडा दालन तेवढाच वेळ मिळणार होते म्हणून आला. फेऱ्यांचा विचार सांगावा म्हणून काल तो सदरा वडिलांसमोर ठेवला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारले की डाग छातीवर कसा पडला. घड घेताना कापलेला दांडा ते मागे ठेवतात, त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांवर डाग पाठीवर आहेत. मी दांडा पुढे धरला होता, चीक गळताना प्रेक्षकांना दिसावा म्हणून.