आठ स्वरांचा सिक्वेन्स दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो, काय करू?

कोपरीचा_ऑसिलेटर
मंडळी, राहायला ठाणे पूर्वेला, नोकरी रबाळ्याला. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत टँजरिन ड्रीमचं 'फेड्रा' आणि क्लाउस शुल्झेचं 'टाइमविंड' हे जर्मन इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड ऐकून ऐकून शेवटी कॉर्गचा एसक्यू-१ (ठरवलेले स्वर ओळीने पुन्हा पुन्हा वाजवायला लावणारा सिक्वेन्सर) आणि एक सेकंडहँड मोनो सिंथ (एका वेळी एकच स्वर काढणारा) घेतलाच. ए मायनर पेंटॅटॉनिकच्या पाचच स्वरांतून बांधलेले आठ स्वर, टेम्पो ११० (मिनिटाला ठोके). पहिलं मिनिट झकास जातं. मग आई आतून ओरडते, "अरे, कधीचा फोन वाजतोय, उचल की!"

तोचतोचपणा जावा म्हणून मी दर चार फेऱ्यांनी दोन-तीन स्वर बदलतो, तर सगळंच विस्कटतं. 'टाइमविंड'मध्ये रेकॉर्डची एकेक बाजू म्हणजे एकच तुकडा. हे लोक एवढा वेळ कसे टिकतात? नवीन मोड्यूल (सिंथला जोडायचा भाग) घ्या असं कृपया सांगू नका, ईएमआय चालू आहे.

घणसोली_३०३
भावा, डिले लाव, म्हणजे स्वराचा पडसाद देणारा इफेक्ट. ११० ला डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) म्हणजे साधारण ४०९ मिलिसेकंद. सिक्वेन्स सिक्स्टींथमध्ये (ठोक्याला चार पायऱ्या) असेल तर प्रत्येक स्वराचा पडसाद तीन पायऱ्या पुढे पडतो, म्हणजे आठातून सोळा ऐकू येतात. फीडबॅक (पडसादाचा पुन्हा पडसाद) मात्र निम्म्याच्या खाली ठेव, नाहीतर चिखल.

ऐरोलीची_पेटीवाली
मी सिंथवाली नाही, तबल्याच्या क्लासला पेटीवर लेहरा, म्हणजे तालाची जागा दाखवणारी फिरती ओळ, धरते. मुलगा हे असलं ऐकतो म्हणून इथे डोकावते.

तीनतालाचा लेहरा सोळा मात्रांचा. तबलजी पेशकार, कायदा, रेला असे वादनाचे प्रकार करतो आणि मी तासभर तीच ओळ वाजवते. आजवर कोणी कंटाळून उठलेलं नाही, कारण कान लेहऱ्याच्या आधाराने तबल्याकडे असतो. तू लेहराच बदलत बसलास तर ऐकणाऱ्याने समेवर (पहिल्या मात्रेवर) यायचं कशाच्या भरवशावर? स्वर तेच ठेव. बाकीचं हलव. फिल्टर (आवाजातला चमकदार भाग कापणारा) जवळजवळ बंद ठेवून सुरू कर आणि तीन-चार मिनिटं घेत कटऑफ (तो कुठून कापायचा ती सीमा) उघड, इतका सावकाश की हात हलतोय हे तुझं तुलाच जाणवू नये.

स्वरांना हात लावायचाच असेल तर कायद्याचा पलटा डोळ्यांसमोर ठेव. पलट्यात बाहेरचा बोल आणत नाहीत, आहेत तेच बोल उलटसुलट करतात. एखादा स्वर मुका कर, एखादा दुप्पट कर, दोघांच्या जागा बदल. सहावा स्वर आणलास की नवा कायदा सुरू झाला समज.

घणसोली_३०३
ताई, एकदम पटलं. टँजरिन ड्रीमच्या क्रिस्टोफर फ्रांकेच्या मूग सिंथला ९६० सिक्वेन्सर होता, त्यालाही पायऱ्या आठच, फक्त रांगा तीन. एक रांग स्वराला दिली तरी दुसरी फिल्टरला द्यायला मोकळी. एसक्यू-१ ला दोन रांगा आहेत, तुझ्या सिंथला कटऑफचा सीव्ही इनपुट (व्होल्टेजने कटऑफ हलवणारी खाच) असेल तर खालची रांग तिकडे जोड. आणि अधूनमधून अख्खा सिक्वेन्स वर-खाली सरकव. व्होल्टला एक सप्तक या हिशोबाने पाव व्होल्ट वाढवला की सगळे स्वर तीन सेमीटोन चढतात, चाल तीच राहते.

आपल्याकडचं हवं असेल तर चरणजित सिंग ऐक. १९८२ साली मुंबईच्या या सेशन वादकाने टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या रोलँडच्या सिंथ-ड्रम यंत्रांवर दहा राग बसवले.

कोपरीचा_ऑसिलेटर
काल रात्री स्वर न बदलता नुसता कटऑफ फिरवला. पाच मिनिटं कुठे गेली कळलं नाही, आईचीही हाक नाही. पण मधेच सूर चढला. सिंथ बिघडलाय का? खिडकी बंद होती, पंखाही बंद, रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते म्हणून.

घणसोली_३०३
बिघडलेला नाही, तापलाय. अ‍ॅनालॉग ऑसिलेटर उष्णतेने सरकतोच. 'फेड्रा'च्या शीर्षकाच्या तुकड्यातही मूगचा सूर हलताना ऐकू येतो, तो तसाच ठेवून १९७४ ला रेकॉर्ड बाजारात आला. अर्धा तास आधी चालू करून ठेव, मग सूर लाव. आणि घरघर माईकमध्ये येते रे, सिंथची लाइन थेट इंटरफेसला (लॅपटॉपमध्ये आवाज नेणाऱ्या डबीला) दे आणि पंखा खुशाल लाव. ठाण्याच्या मे महिन्यात कोण बसतं असं!

आता दुसरी पायरी. लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सिक्वेन्स चढव, पण सात पायऱ्यांचा. क्लॉक, म्हणजे दोघांना चालवणारा ठोका, एकच. आठ आणि सात ५६ पायऱ्यांनी एकत्र येतात, तुझ्या टेम्पोला साधारण साडेसात सेकंद. तेवढ्या वेळात दोघांची गाठ दर फेरीला नव्या ठिकाणी पडते.

कोपरीचा_ऑसिलेटर
लॅपटॉपवर तेच स्वर घेतले तर आठातला कुठला गाळू?

ऐरोलीची_पेटीवाली
पहिला सोडून कुठलाही. आणि दोन्हींचा सा एकच ठेव, नाहीतर पुन्हा आई हाक मारतील.